५५५ टायमर आणि रिले : आयसी बदलण्याआधी पिन ३ वर सर्किट तोडा

जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागावा आणि दोनेक मिनिटांनी आपोआप विझावा, यासाठी ५५५ टायमर (वेळ मोजणारी आठ पायांची चिप, म्हणजे आयसी) आणि रिले (कॉइलने चालणारा स्विच) यांचं सर्किट खूप जण करतात. ते चाललं नाही की बहुतेकांचा हात पहिल्यांदा आयसीकडे जातो. "सर, तिसरा आयसी घातलाय, तरी तेच होतंय," असं म्हणत मुलं बोर्ड घेऊन येतात. मी पाहिलेल्या अशा बोर्डांत आयसी मेलेला असणं विरळाच. दोष असतो पुरवठ्यात, ट्रान्झिस्टरच्या पायांत, उलट्या डायोडमध्ये, नाहीतर कॅपॅसिटरच्या गळतीत. तो सापडत नाही, कारण सगळं जोडलेलं ठेवूनच शोध चालू असतो. टायमर आणि रिले हे दोन वेगळे भाग आहेत आणि पिन ३, म्हणजे टायमरचं आउटपुट, हा त्यांच्यातला सांधा आहे. तो सोडवला की अर्धं काम तिथेच होतं.

खाली दिलेला क्रम मोडू नका. पुढच्या पायरीचा आकडा मागच्या पायरीवर अवलंबून आहे.

## आधी तयारी : सर्किट आणि सामान

हा लेख पुढच्या सर्किटसाठी आहे. तुमचे आकडे थोडे वेगळे असले तरी पद्धत हीच.

पुरवठा १२ व्होल्ट डीसी. पिन १ निगेटिव्हला, पिन ८ आणि पिन ४ पॉझिटिव्हला. पिन २ वर पॉझिटिव्हकडून १० के (किलोओहम) रेझिस्टर, आणि त्याच पिनवरून निगेटिव्हकडे पुश बटण. पिन ६ आणि ७ एकत्र; त्यांना पॉझिटिव्हकडून २२० के रेझिस्टर आणि निगेटिव्हकडे ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर. पिन ५ वरून निगेटिव्हकडे १० नॅनोफॅरड. पिन ३ वरून ३.३ के रेझिस्टर बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर निगेटिव्हला, कलेक्टर आणि पॉझिटिव्ह यांच्यामध्ये १२ व्होल्ट रिलेची कॉइल. कॉइलवर १एन४००७ डायोड, त्याचा पट्टा (अंगावरची रेघ) पॉझिटिव्हकडे. पिन ८ आणि १ च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक.

वेळ = १.१ × रेझिस्टर × कॅपॅसिटर. २२० के आणि ४७० मायक्रोफॅरडला हिशेब येतो सुमारे ११४ सेकंद.

हाताशी ठेवा : मल्टिमीटर, एक एलईडी, १ के रेझिस्टर, दोन जंपर, वही, आणि १० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर. हा शेवटचा विसरू नका. ४७० च्या जागी तो लावला की वेळ २.४ सेकंदांवर येते. प्रत्येक चाचणीला दोन मिनिटं ताटकळलं की माणूस वैतागतो, आणि मग अंदाजाने तारा हलवायला लागतो.

सावधान : तपासणी चालू असेपर्यंत रिलेच्या कॉन्टॅक्टवर २३० व्होल्ट नकोतच. दिव्याच्या दोन्ही तारा काढून बाजूला ठेवा. ब्रेडबोर्डवर तर घरची वीज कधीच आणायची नाही. त्याच्या पट्ट्या त्यासाठी बनवलेल्या नसतात आणि प्रोब घसरायला क्षण लागत नाही.

## पायरी १ : पुरवठा मोजा, तोही आयसीच्या पायांवर

अडॅप्टरवर १२ लिहिलंय म्हणून पुढे जाऊ नका. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळा प्रोब पिन १ च्या पायाला आणि लाल पिन ८ च्या पायाला लावा. ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नाही, आयसीच्याच पायावर. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बऱ्याचदा मध्येच तुटलेल्या असतात आणि दुसऱ्या अर्ध्यात पुरवठा पोचतच नाही.

आकडा ११.५ ते १२.५ च्या आसपास हवा.

इथे एक चूक फार महागात पडते. जुना १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक मोठा कॅपॅसिटर, आणि त्यालाच "१२ व्होल्ट" म्हणायचं. एसीचे १२ व्होल्ट कॅपॅसिटरवर १.४१४ पट चढतात. डायोडचे ०.७ वजा केले तरी १६ च्या वर, आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मर स्वतःच १२ पेक्षा जास्त देत असल्यामुळे १८ पर्यंतही जातात. साध्या ५५५ ची चालवण्याची मर्यादा १६ व्होल्ट आहे. ज्यांचे आयसी खरोखर एकामागून एक जळतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा दोष इथे असतो. मध्ये ७८१२ रेग्युलेटर (१२ व्होल्टच पुढे देणारा आयसी) घाला, प्रश्न मिटेल.

तपासणी : हाच आकडा रिले ओढलेला (चालू) असतानाही पाहायचा आहे. ते पुढच्या पायरीत जमेल. वहीत जागा सोडून ठेवा.

## पायरी २ : पिन ३ वर सर्किट तोडा आणि रिलेची बाजू एकटी चालवा

३.३ के रेझिस्टरचं पिन ३ कडचं टोक सोडवा. बोर्ड सोल्डर केलेला असेल तर एकच पाय उचला. ते मोकळं टोक जंपरने पॉझिटिव्हला लावा. 'टक्' आवाज यायला हवा. टोक निगेटिव्हला लावा, पुन्हा 'टक्' होऊन रिले सुटायला हवा. पाच-सहा वेळा करून पाहा.

दोन्ही वेळा स्वच्छ आवाज आला तर ट्रान्झिस्टर आणि कॉइल बरोबर काम करताहेत. रिले ओढलेला असतानाच पिन ८ आणि १ मधला व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अडॅप्टर कमजोर आहे किंवा तारा बारीक आहेत. नेहमीचा चौकोनी छोटा १२ व्होल्ट रिले ओढायला त्याच्या व्होल्टेजच्या ७५ टक्के, म्हणजे ९ व्होल्ट पुरतात. म्हणून पुरवठा खचत असतानाही तो टेबलावर ओढेल, आणि डब्यात बसवल्यावर दगा देईल.

आवाज आला नाही, तर टोक पॉझिटिव्हलाच ठेवा, काळा प्रोब एमिटरला लावा आणि आधी कलेक्टर मोजा.

कलेक्टर ०.३ व्होल्टच्या खाली असेल तर ट्रान्झिस्टर त्याचं काम करतोय. दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या जोडणीत. पुरवठा काढून कॉइलचा रोध मोजा. या आकाराच्या १२ व्होल्ट रिलेचा तो साधारण ४०० ओहम असतो. डायोड जागेवरच असेल तर प्रोब उलटसुलट करून मोजा आणि मोठा आकडा खरा धरा.

कलेक्टर २-३ व्होल्टवर अडकला असेल तर ट्रान्झिस्टर अर्धवट चालू आहे, बेसला करंट कमी पडतोय. ४०० ओहमच्या कॉइलला ३० मिलिअँपिअर लागतात. बेसला त्याचा दहावा भाग, म्हणजे ३ मिलिअँपिअर द्यायचे. पिन ३ चालू असताना साधारण १०.५ व्होल्ट देतो. त्यातून बेसचे ०.७ वजा करून ३ मिलिअँपिअरने भागलं की ३.३ के येतात. ही किंमत मनाने घेतलेली नाही. कुणी तिथे ३३ के लावलेला असतो, कारण रंगांच्या पट्ट्यांत नारिंगी-नारिंगी-लाल आणि नारिंगी-नारिंगी-नारिंगी यांची गल्लत होते.

कलेक्टर ११-१२ व्होल्टवरच असेल तर बेस पाहा. बेसवर ०.७ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दिसले तर बेस-एमिटर जोड तुटलेला आहे, किंवा पाय चुकीचे लागले आहेत. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे पाय नेमके उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानात बीसी५४७ नव्हता म्हणून दुसरा आणला आणि तसाच बसवला, की हा घोळ होतो.

बेसवर ०.७ आहे, कलेक्टर ११ च्या आसपास आहे आणि ट्रान्झिस्टर बोटाला चटका देतोय? लगेच पुरवठा काढा. डायोड उलटा आहे. ट्रान्झिस्टर चालू झाला की सगळा करंट कॉइल सोडून डायोडमधून जातो आणि ट्रान्झिस्टर बळी पडतो. पट्टा पॉझिटिव्हकडे करा आणि ट्रान्झिस्टरही नवा घाला. एकदा भाजलेल्यावर भरवसा ठेवू नका.

५ व्होल्टवाल्यांसाठी : ५ व्होल्ट रिलेची कॉइल ७० ओहमची असते आणि ७० मिलिअँपिअर ओढते. बीसी५४७ ची मर्यादा १०० आहे, म्हणजे अगदी काठावर. तिथे बीसी३३७ घ्या. पाय त्याच क्रमाने आहेत. शिवाय ५ व्होल्टवर साध्या ५५५ चा पिन ३ साधारण ३.३ व्होल्टच देतो, त्यामुळे बेसचा रेझिस्टर ३३० ओहमवर आणावा लागतो. १२ व्होल्टचं सर्किट जसंच्या तसं ५ व्होल्टवर चालवणाऱ्यांचा रिले म्हणूनच नुसता कुरकुरतो.

## पायरी ३ : टायमरची बाजू एकटी चालवा

रेझिस्टरचं टोक सुटलेलंच राहू द्या. पिन ३ वरून १ के आणि एलईडी निगेटिव्हला जोडा. ४७० च्या जागी १० मायक्रोफॅरड लावा. बटणाला हात न लावता हे आकडे वहीत उतरवा.

पिन ८ आणि पिन ४ : १२. पिन २ : १२. पिन ५ : ८. पिन ६-७ : शून्याजवळ. पिन ३ : शून्याजवळ.

यातला पिन ५ फार बोलका आहे. आयसीच्या पोटात तीन सारखे रेझिस्टर एकापाठोपाठ आहेत आणि पिन ५ त्यांच्या दोन-तृतीयांश टप्प्यावर आहे. पुरवठा १२ तर तिथे ८ आलेच पाहिजेत. पिन ५ वरचा कॅपॅसिटर काढूनही तिथे भलताच आकडा आला, तर आयसी बदला.

आता बटण दाबून सोडा. पिन २ क्षणभर शून्यावर, एलईडी चालू, पिन ६ हळूहळू ८ कडे चढणार, ८ ला पोचताच झपकन खाली येणार आणि एलईडी विझणार.

एलईडी लागतच नाही. पिन ४ पाहा. तो मोकळा सोडलेला असेल तर आसपासच्या गडबडीने टायमर कधी रीसेट होईल ते सांगता येत नाही. तो पॉझिटिव्हला पक्का जोडा. मग बटण दाबून धरून पिन २ मोजा. ४ व्होल्टच्या, म्हणजे एक-तृतीयांशाच्या खाली गेलाच पाहिजे.

एलईडी विझतच नाही. इथे चार कारणं आहेत आणि लोक चौथ्यावर दिवसच्या दिवस घालवतात.

पहिलं, चार पायांचं छोटं बटण. त्याचे दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. ते काटकोनात फिरवून बसवलं की न दाबताच दाबलेलं. पिन २ न दाबता शून्य दाखवत असेल तर हेच. खात्रीसाठी नेहमी समोरासमोरचे तिरपे दोन पाय वापरा.

दुसरं, बटणाऐवजी दाराचा स्विच लावलाय आणि दार उघडंच आहे. पिन २ खाली राहिला तोवर पिन ३ खाली येत नाही, वेळ संपली तरी. ट्रिगर, म्हणजे सुरू करणारा इशारा, क्षणाचाच हवा. स्विच आणि पिन २ यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरड घाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॉझिटिव्हकडून १०-१० के द्या. पिन २ वर पॉझिटिव्हकडे एक १एन४१४८ डायोडही लावा, पट्टा पॉझिटिव्हला. स्विच सुटताना पिन २ पुरवठ्याच्या वर उसळतो, तो तिथे आवरला जातो.

तिसरं, पिन ६ आणि ७ मधला जंपर लावायचा राहिलाय किंवा कॅपॅसिटर गळतोय. गळतीचं पुढे बोलू.

चौथं, तुमचा मीटर. एकदा एका मुलाने बोर्ड आणला. त्यात २२० के ऐवजी १ मेगओहम आणि १०० मायक्रोफॅरड होते. दोष समजेना. मी प्रोब काढून चहा घेत बसलो आणि दोन मिनिटांनी रिले आपणहून सुटला. प्रोब लावला की सुटायचा नाही. स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम असतो. वर १ मेगओहम, खाली मीटरचा १ मेगओहम, म्हणजे पिन ६ सहा व्होल्टवर जाऊन थांबणार. आठ येणारच नाहीत. आपल्या २२० के च्या सर्किटमध्ये तोच मीटर वेळ ११४ वरून १४२ सेकंदांवर नेतो. म्हणून वेळ मोजताना पिन ६-७ वर प्रोब ठेवू नका. पिन ३ वर ठेवा, किंवा नुसता एलईडी बघा.

## पायरी ४ : दोन्ही बाजू पुन्हा जोडा

१० मायक्रोफॅरड तसाच राहू द्या, ३.३ के चं टोक पिन ३ ला लावा आणि बटण वीस वेळा दाबा. वेगवेगळे नीट चालणारे दोन भाग एकत्र आले की काही दोष इथेच पहिल्यांदा दिसतात.

सर्वांत जास्त दिसणारा दोष असा : रिले सुटतो आणि त्याच क्षणी पुन्हा ओढतो. कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली ऊर्जा उलट्या व्होल्टेजचा झटका देते आणि पिन २ ला तो बटणासारखा भासतो. डायोड आहे ना, सोल्डर पक्कं आहे ना, ते पाहा. मग १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक पाहा. तो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नसल्यासारखाच. साधा ५५५ पिन ३ बदलताना क्षणभर पुरवठ्यातून मोठा करंट ओढतो, तो जवळूनच मिळायला हवा.

तरी थांबलं नाही तर निगेटिव्हच्या तारा बघा. रिलेचा करंट ज्या बारीक तारेने परत जातो, तिच्यावरच ५५५ चा पिन १ टांगलेला असतो. पुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरपासून ट्रान्झिस्टरला एक आणि आयसीला दुसरी, अशा वेगळ्या तारा काढा. दोन तारा बदलून असे बोर्ड शांत झालेले मी पाहिलेत, जिथे आधी तीन आयसी बदलून झाले होते.

ट्रान्झिस्टर न घालता रिले थेट पिन ३ आणि निगेटिव्हमध्ये जोडला असेल तर कॉइलवरच्या डायोडचा पट्टा पिन ३ कडे ठेवून पिन ३ आणि कॉइल यांच्यामध्ये आणखी एक डायोड घाला, त्याचा पट्टा कॉइलकडे. नाहीतर बंद होताना पिन ३ शून्याच्या खाली ओढला जातो आणि आयसी भलतंच वागतो. ७५५५ किंवा टीएलसी५५५ (कमी वीज खाणारे ५५५ चे प्रकार) वर असं थेट जोडूच नका, त्यांची करंट द्यायची ताकद फार कमी आहे.

वीज येताच टायमर सुरू होतो? वीज गेली-आली की जिन्यातला दिवा लागतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. पिन ४ थेट पॉझिटिव्हला न जोडता १० के मधून जोडा आणि पिन ४ वरून निगेटिव्हकडे १०० मायक्रोफॅरड द्या. पुरवठा स्थिरावेपर्यंत आयसी रीसेटमध्ये राहतो. त्या १० के वर एक १एन४१४८ लावा, पट्टा पॉझिटिव्हकडे, म्हणजे वीज जाताच कॅपॅसिटर रिकामा होईल.

## पायरी ५ : खरा कॅपॅसिटर लावा आणि वेळ जुळवा

आता ४७० परत लावा. घड्याळ लावून तीनदा मोजा. इलेक्ट्रोलिटिकची किंमत २० टक्के इकडे-तिकडे असते, त्यामुळे ९१ ते १३६ सेकंदांमधला कोणताही आकडा दोष समजू नका.

पहिल्यांदा फार वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा कमी, असं दिसलं तर कॅपॅसिटर बरेच दिवस खणात पडून होता. व्होल्टेज मिळत राहिलं की त्याची गळती कमी होते. अर्धा तास चालवून मग मोजा.

गळतीचा हिशेब एकदा नीट बघा. पिन ६ आठ व्होल्टला पोचताना २२० के मधून फक्त १८ मायक्रोअँपिअर येत असतात. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या साध्या कॅपॅसिटरला नेहमीच्या नियमाने ११७ मायक्रोअँपिअरपर्यंत गळायची मुभा आहे. चांगला नग त्यापेक्षा पुष्कळ कमी गळतो म्हणून सर्किट चालतं. वाईट नग १८ वर गेला की टायमर कधीच संपत नाही. कॅपॅसिटर मोठा करून रेझिस्टर कमी केल्यानेही सुटका नाही, कारण गळतीही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून पाच-दहा मिनिटांच्या पुढे ५५५ ला ताणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सीडी४०६० आयसी घ्या, तो छोट्या कॅपॅसिटरची आंदोलनं मोजून लांब वेळ देतो.

सावधान : वेळ बदलता यावी म्हणून २२० के च्या जागी प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावणार असाल तर त्याच्याशी १० के चा रेझिस्टर एकापाठोपाठ हवाच. नाहीतर प्रीसेट पूर्ण फिरवला की पिन ७ थेट पॉझिटिव्हला भिडतो आणि आयसी जळतो.

## पायरी ६ : आता २३० व्होल्ट

एमसीबी खाली करा आणि टेस्टरने खात्री करा. पुरवठा नसताना रिलेचे पाय मीटरच्या बीपवर तपासा : कॉमन आणि एनसी (एरवी जोडलेला पाय) जोडलेले, कॉमन आणि एनओ (एरवी सुटा पाय) सुटे. मग फक्त १२ व्होल्ट देऊन बटण दाबल्यावर उलटं. छापील चित्रावर विसंबू नका. फेज कॉमनला, एनओ वरून दिव्याला. न्यूट्रल थेट दिव्याला. न्यूट्रल तोडलं तर दिवा विझला तरी होल्डर जिवंत राहतो.

'टक्' ऐकू येतो आणि दिवा लागत नाही, तर कॉन्टॅक्ट जळालेत. 'टक्' येतो आणि दिवा विझत नाही, तर ते चिकटलेत. रिलेवरचे १० अँपिअर साध्या हीटरसारख्या भारासाठी लिहिलेले असतात. एका रिलेवर जिन्यातले सगळे एलईडी दिवे टाकले की सुरू होतानाचा झटका कॉन्टॅक्ट चिकटवतो.

एक्झॉस्ट पंखा लावलाय आणि तो बंद होताना टायमर पुन्हा सुरू होतो? कॉन्टॅक्टवरची ठिणगी त्याला चाळवते आहे. कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि १०० नॅनोफॅरड एकापाठोपाठ लावा. कॅपॅसिटर एक्स२ प्रतीचाच (घरच्या विजेवर लावायला बनवलेला) हवा. मात्र एलईडी दिव्यावर हे लावू नका. त्या कॅपॅसिटरमधून ५० हर्ट्झला सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतच राहतात आणि दिवा रात्रभर मंद मिणमिणत राहतो. बटणाची तार लांब असेल तर ती घरच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नका, आणि पिन २ वरचा १० के चा रेझिस्टर बटणापाशी नाही, आयसीपाशी ठेवा.

डबा बंद करण्याआधी पायरी ३ चे आकडे, मोजलेली वेळ आणि तारीख एका कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. दोन वर्षांनी दिवा विझेनासा झाला की मीटर घेऊन बसणारा आधी पिन ५ चा आकडा बघेल आणि मग ४७० चा कॅपॅसिटर बदलेल.